जागेश्वर तलाव कुठे गेला?

१

कोंढ्याचा जागेश्वर तलाव चोरीला गेला ही बातमी आसगावात सगळ्यात आधी मला कळली, कारण तो माझ्याच दुकानातून गेला होता.

घाबरू नका. तलावाची पाळ, पाळीवरचं महादेवाचं देऊळ, पाणी सोडायचं तुडुम, सगळं कोंढ्यात जागच्या जागी होतं. गेला होता तो मशीनमधला तलाव. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या ऑक्टोबरात आम्हाला मशीनमधलाच तलाव जास्त खरा वाटत होता.

मी ताराचंद. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानाच्या मागच्या खोलीत आमचं कॉम्प्युटर मंडळ. नागपूरच्या एका प्राध्यापकाने नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा त्याचा जुना आम्ही वर्गणी काढून आणला. पडद्यावर पहिल्यांदा हिरवी अक्षरं उमटली तेव्हा आमच्यातला श्यामराव उठला, चपला बाहेर काढून परत येऊन बसला, आणि तेव्हापासून तो रिवाजच पडला. गावातले लोक बघायला यायचे आणि प्रश्न विचारायचे. याला मराठी समजते का? लाइन गेली की हा झोपतो की मरतो? फ्लॉपीत भरलेलं सांडत कसं नाही? आम्ही शहाण्यासारखी उत्तरं द्यायचो आणि लोक गेले की तेच प्रश्न एकमेकांना विचारायचो.

त्या सकाळी तेजराम पडद्यासमोर बसला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

तेजराम कोंढ्याचा. त्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी वावरं, तलावाच्या पाटाच्या अगदी शेपटीला. पाऊस गेला आणि धान पोटरीवर आला की तलावाचं पाणी मिळालं तर पीक, नाहीतर तणस. जुनी रीत अशी की आधी वरच्यांनी घ्यायचं. वरच्यांचं भागेपर्यंत तलावात चिखल उरायचा. मागच्या वर्षी यावरून तुडुमाजवळ मारामारी झाली आणि तेजरामच्या मोठ्या भावाचा हात मोडला. तेव्हापासून तेजराम या मशीनला चिकटला होता. कोणाची बांधी केवढी, उतार कसा, रोवणी कधी झाली, मागच्या साली कोण कोरडा राहिला, हे सगळं घेऊन मशीन पाण्याची पाळी लावून देईल असा प्रोग्राम त्याने उन्हाळाभर बसून लिहिला. गावानेही मानलं. मशीनले सोयरेधायरे नसतात, असं खुद्द सरपंच बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवर मशीन कोंढ्याला न्यायची, सगळ्यांसमोर पाळी लावायची आणि तुडुम उघडायचं, असं ठरलं होतं. मशीन नाही बोलली तर जुनी रीत.

"पाहा," तेजराम म्हणाला.

पडद्यावर फ्लॉपीतली नावं होती. नावाला सात अक्षरांच्या वर मशीन जागा देत नसे, म्हणून आमची सगळी नावं कापलेली. KUNDLI आणि RASHI ही श्यामरावची ज्योतिषाची. DANDAR मंडळातल्याच धनीरामची, त्याच्या दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, गाण्यांची. MAMA म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपल्याकडे सगळे मामा तलावच म्हणतात, त्यांची पवनी तालुक्याची माहिती. MAMAJI म्हणजे त्याचीच पुढची, जिल्ह्याची. बाकी काहीबाही.

"काल पुष्पाबाईले सांगितलं होतं," तेजराम म्हणाला, "का खालच्या बांध्या तेवढ्या भरा, जुना अर्धा TALAO मिटवा, अन् पुरा झालेला JAGESH नावानं ठेवा. TALAO नाई. JAGESH बी नाई. दोन्ही गेले."

"दुसऱ्या फ्लॉपीत?"

"तिले तं पावसाळ्यात बुरशी लागली ना."

तो उठला आणि दाराकडे निघाला. मी विचारलं, कुठे?

"धनीरामकडे. त्याच्या बांध्या वरच्या अंगाच्या हायेत, अन् काल रात्री शेवटी तोच आलता इथं."

२

तेजरामला मी कसंबसं अडवलं आणि वासुदेव गुरुजींना बोलावणं पाठवलं.

गुरुजी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. गावात कोणाची गाय हरवो की नथ, लोक त्यांच्याकडे जात. ते काही शोधाशोध करत नसत. हरवलेली वस्तू जमिनीवर शोधण्यापेक्षा लोकांच्या तोंडात शोधावी, लवकर सापडते, असं त्यांचं म्हणणं. मशीन त्यांनी अजून पाहिली नव्हती. चपला काढून आत आले आणि देवळात उभं राहावं तसे उभे राहिले.

"तलाव ठेवता कुठे?" त्यांनी विचारलं.

मी फ्लॉपी काढून त्यांच्या हातात दिली. काळा, चौकोनी, पापडाएवढ्या वजनाचा तुकडा. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

"यात कोंढ्याचा अख्खा तलाव?"

"तलावच काय गुरुजी, श्यामरावचे नऊच्या नऊ ग्रह बी त्यातच हायेत."

"आणि हवं ते सापडतं कसं?"

"नावानं. नाव लिहिलं की पुढे येते. नाव लिहून मिटव म्हटलं की मिटते."

"म्हणजे नाव नाही तर काहीच नाही," गुरुजी हळूच म्हणाले. "व्याकरणातसुद्धा इतकं कडक नाही रे बाबा." फ्लॉपी परत देताना त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पहिल्या दिवशी पाहिलं होतं.

मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर पुष्पाबाई आल्या होत्या. त्या आसगावच्या शाळेत शिकवायच्या, सासर कोंढ्याचं, आणि टायपिंगमध्ये आमच्यापैकी कोणी त्यांचा हात धरू शकत नव्हतं. काम संपवून त्या शेवटच्या बसने घरी गेल्या. आज रविवार, त्यामुळे त्या कोंढ्यालाच. त्यांच्यानंतर मशीनवर श्यामराव बसला होता.

श्यामराव म्हणजे आमचा ज्योतिषी. त्याचं मशीनशी एकच भांडण, जागेचं.

"मी कायले तलाव मिटवू?" तो म्हणाला. "नवी पत्रिका ठेवाले गेलो तं मशीन म्हणे फ्लॉपी भरली. तसाच उठून घरी गेलो. माझा शनी मीच जागेवाचून वापस नेला."

तेवढ्यात धनीराम स्वतःच आला. त्याचा धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो, दंडार असो, भोंगा धनीरामचाच.

"काल काय ठेवलं इथं?" गुरुजींनी विचारलं.

"भोंगा ठेवला जी. दंडार आटपून आलो, घरी जागा नाई, तं ताराचंदभाऊच्या अलमारीवर ठेवला."

तेजरामने वर पाहिलं. अलमारीवर भोंगा होता. त्याच्या बरोबर खाली, अलमारीच्या वरच्या फळीवर, फ्लॉपीचा डबा.

"चुंबक," तेजराम म्हणाला. "भोंग्यात हा एवढा मोठा चुंबक राहते. फ्लॉपीजवळ चुंबक आला का सगळं साफ. हे याले मालूम हाय, मीच शिकवलं याले." आणि त्याने धनीरामची गळपट्टी धरली.

धनीरामने हात सोडवला नाही. "तुह्या भावाले दवाखान्यात कोनं नेलं होतं? वरच्या अंगाचा असून मीच नेलं ना. इसरला?"

"सोड त्याला," गुरुजी म्हणाले. "मला एक सांग तेजराम. तुझ्या चुंबकाला वाचता येतं का?"

"म्हणजे?"

"कुंडली शिल्लक, राशी शिल्लक, याची दंडार शिल्लक. तेवढा एक तलाव निवडून पुसायचा म्हणजे चुंबक शिकलेला पाहिजे."

तेजरामची मूठ सुटली. मला हसू आलं, पण हसायची ती वेळ नव्हती. गुरुजींनी श्यामरावला म्हटलं, तुझी पत्रिका आता ठेवून दाखव. श्यामरावने खटखट केलं. पडद्यावर उत्तर आलं, फ्लॉपी भरलेली आहे.

गुरुजी त्या ओळीकडे वाकून पाहत राहिले. "घरातून एवढा मोठा पाहुणा गेला म्हणता. मग घरात खाट रिकामी का नाही?"

श्यामराव पडद्यावरची नावं पुन्हा मोजायला लागला.

"तलाव बाहेर गेलाच नाही," गुरुजी म्हणाले. "तो इथेच बसला आहे."

"तसं नाई जी," तेजरामने मान हलवली. "फ्लॉपी खराब झाली का तिची जागा अडकून राहते. नागपूरच्या सरांनी सांगितलं होतं. आत काई नाई, नुसती जागा मेली."

"मग एकेक नाव उघडून पाहू."

"सगळी नावं आमचीच तं हायेत."

"तरी पाहू," गुरुजी म्हणाले, आणि त्याच क्षणी लाइन गेली.

३

लाइन संध्याकाळशिवाय येत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गुरुजी माझ्या लुनावर मागे बसले आणि आम्ही कोंढ्याला निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान उभा होता, हिरवागार, पण बांध्यांतल्या मातीला भेगा दिसायला लागल्या होत्या.

पुष्पाबाईंच्या सासरी अंगणात खाटेवर त्यांचे सासरे बसले होते. जागेश्वर पाटील. महादेवाचं नाव आणि तसाच राग. तलावाच्या तोंडाशी सगळ्यात मोठ्या बांध्या त्यांच्या. मशीनची पाळी त्यांनी भरसभेत मानली होती, पण ते गळा दाबल्यावर मानावं तसं.

"मशीन बंद पडली म्हंतेत," पाटील म्हणाले. बातमी आमच्या आधी पोचली होती. "बरं झालं. आमच्या बापजाद्यांनी पाणी वाटलं तवा कोनाच्या घरी लाइट होती?"

पुष्पाबाई डोक्यावर पदर घेऊन पाणी घेऊन आल्या. शाळेत पोरांना थरथर कापायला लावणारी ही बाई इथे जमिनीकडे बघून बोलत होती.

"बाई," गुरुजींनी विचारलं, "काल काम पुरं झालं?"

"झालं जी. एक बांधी नाई सोडली."

"आणि जुना तलाव मिटवला?"

"मिटवला. नाव टाकलं अन् मिटवला. एका घडीत काईच नाई राहिलं." हे सांगताना त्यांच्या अंगावर शहारा आल्यासारखं मला वाटलं.

"नवा ठेवला?"

"ठेवला जी."

"तेजरामनं सांगितलेल्याच नावानं?"

बाईंनी खाटेकडे पाहिलं, मग पुन्हा जमिनीकडे. "तलावाच्याच नावानं ठेवला."

"म्हणजे काय नाव टाकलं?"

"तलावाचं नाव आता काय, एकच तं हाय."

पाटील हसले. "सूनबाईनं कितीक भरलं तरी काय? मशीनच्या पोटातून निघन तवा ना."

पुष्पाबाई तांब्या घेऊन वळल्या. दारात थांबून, आमच्याकडे न बघताच म्हणाल्या, "मामाजीच्या तलावाचं काम मी मन लावून केलं गुरुजी. तेजरामभाऊले सांगा."

परतीच्या वाटेवर मी गुरुजींना माझं मत सांगितलं. माझं मत लवकर बनतं, हा माझा स्वभाव. पाळी मशीनने लावली तर जागेश्वर पाटील शेवटी जाणार हे अख्ख्या गावाला दिसत होतं. सून त्याच घरात राहते. मिटवायला तिला येतं. नाव विचारलं तर नाव सांगत नाही. आता यात गुरुजी, शोधायचं काय राहिलं?

"ती खोटं बोलली नाही," मागून गुरुजी म्हणाले.

"मग नाव काहून नाई सांगितलं?"

"तेच तर. खोटं बोलणारा माणूस चटकन नाव सांगतो रे. नाव न सांगणारा बहुतेक खरं बोलत असतो." थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. "पण ते तोंडाशी येऊन का अडलं, हे मला कळत नाही. आणि कळलं नाही तर उद्या तुडुमाजवळ पुन्हा कोणाचा तरी हात मोडणार."

गुरुजींना कळलं नाही असं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

४

गुरुजींच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी आम्हाला चहा दिला आणि देवापुढे निरांजन लावून माळ घेऊन बसल्या. बारीक आवाजात जप सुरू झाला.

"ॐ नमो भगवते..." मग एक हलकीशी खाकर, आणि मणी पुढे. "ॐ नमो भगवते..." खाकर. मणी पुढे.

मी चहा पीत होतो. गुरुजींचा कप मात्र ओठांपर्यंत जाऊन तिथेच राहिला.

"अगं, ऐकतेस का," ते बायकोला म्हणाले. "भगवते, त्याच्या पुढचा शब्द काय?"

सुलोचनाबाईंनी माळ थांबवली. "तुम्हाले मालूम नाई का?"

"मला मालूम आहे. तू म्हणून दाखव."

"काहीतरीच," त्या म्हणाल्या आणि चक्क लाजल्या. "लग्नापासून नाई म्हटला, अन् आता ताराचंदभाऊसमोर म्हणू? देवाले समजते ना कोनाचं नाव घेऊन राहिली तं."

तो शब्द वासुदेवाय. आणि गुरुजींचं नाव वासुदेव.

गुरुजींनी कप खाली ठेवला. "इतकी वर्षं रोज ऐकतो मी हा जप," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "व्याकरण शिकवत होतो. वाक्यातला शब्द गळला तर पोरांना छडी मारत होतो. आणि माझ्या घरात रोज माझंच नाव गळतं ते मला ऐकू आलं नाही. ताराचंद, पुष्पाबाईच्या सासऱ्याचं नाव काय?"

"जागेश्वर."

"आणि तलावाचं?"

नवऱ्याचं नाव नाही, तसं सासऱ्याचंही नाव सून घेत नाही, आमच्याकडे ती त्याला मामाजी म्हणते. मग सासऱ्याच्या नावाच्या तलावाला ती काय म्हणणार? ती आमच्यासमोर, दारात उभी राहून, साफ म्हणाली होती. मामाजीचा तलाव. मला वाटलं मामा तलाव, आणि वर आदराचा जी.

"MAMAJI," मी म्हणालो. "गुरुजी, जि म्हणजे जिल्हा नाही. सुनेचा सासरा आहे तो."

बाहेर रस्त्यावरचा दिवा लागला. लाइन आली होती. लाइन येताच तेजराम काय करणार ते मला ठाऊक होतं. आठवेल तेवढा तलाव तो नव्याने लिहायला बसणार. त्यासाठी त्याला जागा लागणार. आणि जागेसाठी तो फ्लॉपीतलं सगळ्यात बिनकामाचं काहीतरी मिटवणार.

गुरुजी अनवाणीच धावत सुटले.

५

मागच्या खोलीत तेजराम पडद्याला डोळे लावून बसला होता. श्यामराव बाजूला उभा. धनीराम कोपऱ्यात, भोंगा मांडीवर घेऊन, घरी न जाता. पडद्यावर शेवटच्या ओळीत मिटवायचा हुकूम आणि पुढे MAMAJI. एकच कळ दाबायची बाकी होती आणि तेजरामचं बोट त्या कळीवर टेकलेलं.

"तेजराम, हात उचल," गुरुजी म्हणाले. धाप लागून त्यांचा आवाज फुटत नव्हता, म्हणून ऐकू गेला की नाही कोण जाणे. बोट उचललं ते धनीरामने. भोंगा खाली टाकून त्याने तेजरामचं मनगट धरलं. सकाळी ज्याची गळपट्टी धरली गेली होती तोच.

"काहून?" तेजराम ओरडला. "जिल्ह्याची माहिती हाय ती. आता काय कामाची?"

"कोणी भरली?" गुरुजींनी विचारलं.

"ताराचंदभाऊनं."

"मी नाही," मी म्हणालो. "मला वाटलं श्यामरावने."

"मी? मी तं ग्रह सोडून काई भरत नाई," श्यामराव म्हणाला. "मले वाटलं तेजरामचंच हाय."

फ्लॉपीत एक नाव होतं, आम्ही सगळ्यांनी सकाळपासून वाचलेलं, आणि ते कोणाचंच नव्हतं. तेजरामने हुकूम पुसला आणि तेच नाव टाकून उघडायला सांगितलं. डब्यात दाणे हलवावे तसा आवाज मशीनने केला.

आणि तलाव आला.

आधी पाळीची एक हिरवी वळणदार रेघ. मग तुडुम. मग पाट, वरून खाली. आणि पाटाच्या दोन्ही अंगांना एकेक बांधी, एकेक चौकोन, शेपटीपर्यंत. पुष्पाबाईंनी खरंच एक बांधी सोडली नव्हती. कोंढा आमच्या खोलीत होता, अंधारात हिरवा. मी आयुष्यात खूप रेडिओ उघडले, वायरमधून माणसाचा आवाज येतो हे रोज पाहिलं, पण त्या संध्याकाळसारखा मी कधी हरखलो नाही. गुरुजींनी हात जोडले. तेजराम रडत होता, आणि धनीराम त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"मी तुले चोर म्हटलं," तेजराम म्हणाला.

"मग काय झालं? चोर म्हटलं, पण मी सापडलो तं नाई ना," धनीराम म्हणाला.

६

दुसऱ्या दिवशी कोंढ्याच्या ग्रामपंचायतीत मशीन मांडली. लोक इतके की खिडक्यांतसुद्धा डोकी. पुष्पाबाई आल्या तेव्हा गुरुजींनी त्यांना बाजूला घेतलं. मी कान देऊन ऐकलं, ते काही मी लपवत नाही.

"बाई, मशीन कोणाला सांगणार होती का? बोटानं नुसतं लिहायचं तर होतं."

"म्हणायची गोष्ट राहू द्या जी," पुष्पाबाई म्हणाल्या. "लिहिलं असतं मी एक वेळ. पण त्याच्या आधी मी TALAO मिटवला ना. नाव टाकलं, कळ दाबली, अन् तलाव गेला. मग मामाजीचं नाव त्याच जागी ठेवू? उद्या कोनी ते नाव टाकन अन् मिटव म्हणन. वडील माणसाचं नाव असं मिटवाच्या जागी मी कसं ठेवू?" त्यांनी पदर सारखा केला. "अन् तुम्ही आले तवा ते खाटेवर बसले होते. कसं सांगू?"

गुरुजी त्यांना घेऊन मशीनपाशी आले.

तेजरामने कळ दाबली. मशीन विचारात पडली, आणि पडद्यावर पाळी उतरायला लागली. अक्षरं इंग्रजी, गावाला वाचता येईना. बाईंनी वाचावं असं ठरलं. वरच्या अंगाची नावं तेजरामने उन्हाळ्यात भरलेली, खालची त्यांनी. पहिली पाळी शेपटीच्या चंद्रभागाबाईंची, ज्यांच्या घरी आता कर्ता माणूस नाही. दुसरी तेजरामच्या भावाची. नाव वाचलं की त्या माणसाकडे सगळे वळून बघायचे आणि तो माणूस आपणच आहोत का अशा चेहऱ्याने उभा राहायचा. मशीन आपल्याला ओळखते याचं त्यांना पाण्याहून जास्त नवल. धनीरामचं नाव पार खाली आलं, तो नुसता मान हलवून हसला.

मग एकच नाव उरलं आणि पुष्पाबाई थांबल्या.

ते कोणाचं, हे गावाला वाचता येत नसलं तरी कळलं होतं. जागेश्वर पाटलांचे दोन पुतणे भिंतीपासून सुटून पुढे आले. तेजरामचा भाऊ उठून उभा राहिला. तुडुमाची किल्ली सरपंचांच्या हातात होती आणि ती कोणाच्या हातात जाते ते सगळं आता त्या न वाचलेल्या नावावर होतं. पुष्पाबाई पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ बंद होते. मी वाचायला पुढे होणार होतो. गुरुजींनी माझा हात धरून ठेवला.

जागेश्वर पाटील काठी टेकत उठले आणि मशीनपाशी आले. त्यांनी त्या शेवटच्या हिरव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे माहं हाय?"

"होय जी मामाजी."

"शेवटी?"

"शेवटी."

"अन् हे तुले काल बी मालूम होतं."

"मालूम होतं जी."

म्हातारा ओळीवरचं बोट न काढता तसाच उभा राहिला. सुनेने ठरवलं असतं तर त्याची बांधी वर सरकवायला तिला एक कळ पुरली असती, हे त्याला आता कळत होतं, आणि आम्हालाही. मग तो गावाकडे वळला.

"बाई माहं नाव घेनार नाई," तो म्हणाला. "मीच घेतो. जागेश्वर. शेवटची पाळी. अन् आता उभे काय राहिले, तुडुम उघडा."

सरपंचांनी किल्ली धनीरामच्या हातात दिली. आम्ही सगळे पाळीवर गेलो. पाणी पाटात उतरलं, पाटलांच्या बांध्यांजवळून न थांबता पुढे गेलं, आणि म्हातारा आपल्या बांधावर उभा राहून ते खाली जाताना बघत होता.